काचांवरची क्वेका आणि रिकामी खुर्ची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिक-पालघर पट्ट्यातला तुमचा सहा जणांचा गट, त्यातले दोघे मोखाड्याकडच्या पाड्यांवरचे, आणि सगळेच कुठल्या ना कुठल्या अर्थानं क्वीअर, म्हणजे लिंगभाव किंवा प्रेम यांच्या रूढ चौकटीत न बसणारे. लॅटिन अमेरिकेतल्या क्वीअर आणि आदिवासी कलावंतांच्या चित्रफिती पाहून तुम्ही भारावलात. हे लोक नेमकं काय करतात, त्यानं समाजात खरंच काही हलतं का, आणि उन्हाळ्यात गावोगावी प्रयोग करायचे तर त्यांच्याकडून काय घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

मी सव्वीस वर्षं पथनाट्यं बसवते, त्यातली शेवटची बारा तृतीयपंथी आणि जोगत्यांच्या गटांबरोबर. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्यापैकी कुणाचाही प्रयोग मी समोर बसून पाहिलेला नाही. चित्रफिती, छायाचित्रं, त्यांचं लेखन, आणि मग आपल्या तालमीत ते करून पाहणं, एवढीच माझी शिदोरी.

आधी शब्दांचं. ‘लॅटिनो’ म्हणून सगळ्यांची एकच मोळी बांधू नका. चिलीतल्या मापुचे माणसाला लॅटिनो म्हणणं म्हणजे त्याची जमीन ज्यांनी घेतली त्यांचंच नाव त्याला लावणं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी १९९० साली विनिपेगच्या मेळाव्यात ‘टू-स्पिरिट’, म्हणजे दोन आत्म्यांचा, हा शब्द स्वतःसाठी घेतला, पण तो दक्षिणेकडच्या सगळ्यांना लागू होत नाही. मेक्सिकोतल्या झापोटेक आदिवासींमध्ये ‘मुशे’ आहेत, पुरुष म्हणून जन्मलेले पण बाईपणाकडे झुकलेले; मापुचेंमध्ये तसेच ‘वेये’ होते, बोलिव्हिया-पेरूत ‘त्रावेस्ती’ हा मूळचा शिवीसारखा शब्द लोकांनी स्वतःच उचलून मिरवला. जोगत्याला हिजडा म्हणून पाहा, तो तिथल्या तिथे तुम्हाला सरळ करेल. तसंच हे. गंमत म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या तेवान्तेपेकच्या झापोटेक भाषेत माणसासाठी एकच सर्वनाम आहे, तो-ती असा भेदच नाही. आपण मात्र मराठीत ‘मी जातो’ म्हणालो की ‘मी जाते’ म्हणालो यावरच अर्धी लढाई हरतो.

आता मुद्द्याकडे. आपलं पथनाट्य बहुतेकदा लसीकरणाच्या शिबिरासारखं असतं. डफ वाजवायचा, गोल करायचा, ‘या या या’ करून माणसं जमवायची, संदेश टोचायचा, पुढच्या गावाला निघायचं. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. या लोकांचं उलट आहे. ते नवा मंच घेऊन गावात येत नाहीत. गावाचा, देशाचा स्वतःचा जो खेळ आधीच चालू आहे, त्यात आपली एक जागा होती किंवा असायला हवी होती, ती ते शोधतात, तिथं जाऊन उभे राहतात आणि हटत नाहीत.

सगळ्यात जुनं आणि माझ्या लेखी सगळ्यात पक्कं उदाहरण चिलीचं. सप्टेंबर १९८६, पिनोचेतच्या लष्करी राजवटीला तेरा वर्षं झालेली. सांतियागोच्या मापोचो स्टेशनात डाव्या विरोधकांचा मेळावा. तिथं पेद्रो लेमेबेल उंच टाचांचे बूट घालून, ओठापासून भुवईपर्यंत विळा-हातोडा रंगवून उभा राहिला आणि स्वतःचा जाहीरनामा वाचला. रोख नुसता हुकूमशहावर नव्हता. तुमच्या क्रांतीनंतरच्या देशात माझ्यासारख्यांना जागा आहे का, हा सवाल समोर बसलेल्या कॉम्रेडांनाच होता. पुढच्या वर्षी त्यानं आणि फ्रान्सिस्को कासासनं ‘प्रलयाच्या घोड्या’ या नावाची जोडगोळी काढली.

१२ ऑक्टोबर १९८९ ला, म्हणजे कोलंबसाच्या आगमनाच्या दिवशी, चिलीच्या मानवाधिकार आयोगात या दोघांनी जमिनीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा अंथरला, त्यावर कोकाकोलाच्या बाटल्यांच्या काचा पसरल्या आणि अनवाणी पायांनी क्वेका नाचले. क्वेका म्हणजे तिथला रुमाल घेऊन करायचा स्त्री-पुरुषांचा जोडीनाच. आपल्याकडे शाळेतल्या पोराला लेझीम येते तसा तो तिथं घराघरात येतो. १९७८ मध्ये बेपत्ता केलेल्यांच्या बायका-आया-बहिणींनी हा नाच एकटीनं करायला सुरुवात केली होती, जोडीदाराची जागा मोकळी ठेवून. पुढच्याच वर्षी सरकारनं क्वेका हा राष्ट्रीय नृत्यप्रकार म्हणून जाहीर केला. म्हणजे त्याच पावलांवर एकीकडून बायकांचा दावा, दुसरीकडून लष्कराचा. त्या भांडणात हे दोन पुरुष एकमेकांचे जोडीदार म्हणून उतरले. छातीशी वॉकमन बांधलेले, कानाला हेडफोन. संगीत फक्त त्यांना ऐकू येत होतं. बघणाऱ्यांना ऐकू आला तो काचांवर पडणाऱ्या पावलांचा आवाज.

तालमीत मुलांनी हे ऐकलं की पहिली गोष्ट विचारतात ती रक्ताची. रक्त त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि तुम्ही ते करायचं नाहीये, हे आत्ताच सांगते. महत्त्वाचं हे की कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पावलं बघणाऱ्याच्याही पायात होती. कोण गैरहजर आहे, कोणाची जागा कोणी घेतली, हे त्याला पोटातून कळत होतं.

बोलिव्हियाची गोष्ट तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ओरुरोचा कार्निव्हल आणि ला पासमधली ग्रान पोदेरची जत्रा या तिथल्या सगळ्यात मोठ्या नाचमिरवणुका. त्यातली ‘मोरेनादा’ म्हणजे खाणी आणि द्राक्षमळ्यांतल्या आफ्रिकी गुलामांची आठवण सांगणारा मुखवट्यांचा नाच. या नाचांत बायकांची पात्रं पूर्वी पुरुषच करत, आपल्या स्त्रीपार्टीसारखी. साधारण १९६० च्या दशकाअखेर ओफेलिया, बार्बरेला अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या त्रावेस्तींनी त्यातलं ‘चिना मोरेना’ हे पात्र पार बदललं. तोकडा घागरा, मांडीपर्यंतचे बूट, नखरा, सगळं त्यांचं. गाव वर्षभर त्यांना टोमणे मारायचं आणि जत्रेत त्यांच्यासाठी थांबायचं. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

मग १९७० च्या दशकाच्या मध्यावर ग्रान पोदेरला हुकूमशहा जनरल बान्सेर प्रमुख पाहुणा होता. बार्बरेला नाचत नाचत मानाच्या मंचापाशी गेली आणि तिनं त्याचं चुंबन घेतलं. भाषण नाही, फलक नाही. त्यानंतर त्रावेस्तींना या मिरवणुकांतून हाकललं गेलं. त्यांचं पात्र मात्र कुणी हाकललं नाही. तेच बूट, तोच घागरा घालून आज हजारो बायका चिना मोरेना नाचतात, आणि हे आलं कुठून हे पिढ्यांना ठाऊक नव्हतं.

ते परत मिळवायचं काम ला पासच्या ‘फामिलिया गालान’ या ड्रॅग कलावंतांच्या, म्हणजे भडक स्त्रीवेश करून प्रयोग करणाऱ्यांच्या, कुटुंबानं केलं. कुटुंब म्हणजे आपल्याकडे घराणं म्हणतात तसं. त्यातले दाविद आरुकिपा जुन्या चिनांकडे जाऊन बसले, पेट्यांतले फोटो गोळा केले, आठवणी लिहून घेतल्या, २०१२ साली त्याचं पुस्तक केलं. आणि नुसतं पुस्तक करून थांबले नाहीत. ‘कुल्लावादा’ या तिथल्या आयमारा आदिवासींच्या, सूत कातणाऱ्यांच्या नाचात ‘वाफुरी’ नावाचा म्होरक्या असतो, हातात भलीमोठी चाती घेऊन पुढे चालणारा. गालान मंडळींनी तो ‘वाफुरी गालान’ म्हणून उंच टाचांच्या बुटांत, रंगरंगोटीत मिरवणुकीत आणला. परवानगी मागणारा अर्ज त्यांनी दिला असेल-नसेल, पण दावा असा केला की आम्ही पाहुणे नाही, या जत्रेचे जुने मानकरी आहोत. हेच आरुकिपा पुढे आपल्या जोडीदाराबरोबर दोन वर्षं कायद्याची लढाई लढले आणि डिसेंबर २०२० मध्ये बोलिव्हियातली पहिली समलिंगी जोडी म्हणून त्यांची नोंद झाली. नाचामुळे कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. मिरवणुकीत जागा मागायला शिकलेला माणूस नोंदणी कार्यालयात कसा उभा राहतो, ते मात्र बघा.

आता लुकास आवेन्दान्यो. तेवान्तेपेकचा मुशे, शिक्षणानं मानववंशशास्त्रज्ञ. झापोटेक बायकांचा भरजरी घागरा, वर उघडं अंग, ही त्याची रंगमंचावरची ओळख. १० मे २०१८ ला त्याचा भाऊ ब्रुनो, नौदलातला शिपाई, सुट्टीवर घरी आला असताना बेपत्ता झाला. लुकासनं त्याच जूनमध्ये बार्सिलोनातल्या मेक्सिकन वाणिज्य दूतावासासमोर दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवर तो, मांडीवर भावाचा फोटो. दुसरी रिकामी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं बसायचं आणि त्याचा हात धरायचा, बस्स. फ्रीदा कालोच्या हात धरून बसलेल्या दोन फ्रीदांचं चित्र ज्यानं पाहिलंय त्याला ते लगेच आठवतं. चिलीतल्या त्या ‘घोड्यां’नीही ते चित्र आपल्या अंगावर घेतलं होतं. पुढे लुकासनं हेच अनेक शहरांत केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रुनोचे अवशेष सापडले. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांचा आकडा २०२२ साली एक लाखाच्या वर गेला.

इथं मला शिकायला मिळालं ते पत्त्याबद्दल. त्याची खुर्ची चौकात नव्हती, दूतावासाच्या दारात होती. ज्याच्याकडून उत्तर हवं त्याच्याच उंबऱ्यावर, आणि मागणी एकच: माझा भाऊ कुठे आहे. आपली नाटकं ‘समाजा’ला उद्देशून असतात. समाजाला दार नसतं, म्हणून तो उघडतही नाही.

हे करून पाहावं म्हणून एका तालुक्याच्या गावी कार्यशाळेत आम्ही दोन खुर्च्या ठेवल्या. नियम असा की बोलायचं नाही, जे हरवलंय ते हातात धरायचं. मिरजेकडून आलेला पन्नाशीचा एक जोगता होता. त्याच्याकडे कुणाचाच फोटो नव्हता. त्यानं पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स काढली. घरच्या कार्डावर त्याच्या नावावर निळ्या शाईची आडवी रेघ. तो कागद मांडीवर घेऊन तो बसला. दहा मिनिटं कुणी समोर गेलं नाही. आम्ही शिकलेली माणसं वह्या धरून उभी. मग चहा घेऊन आलेल्या बाईनं किटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसली. कागद वाचला, त्याचा हात धरला आणि नियम मोडून म्हणाली, “माझंबी नाव सासरच्या कार्डावर अजून चढलं न्हाई, आई.” आठवड्याभरात दोघांचे अर्ज एकत्रच पुरवठा शाखेत गेले. तिचं काम दोन महिन्यांत झालं. त्याचं अजून झालेलं नाही.

पेरूतल्या जुझेप्पे काम्पुसानोचं काम मला वाचायला आवडतं, कारण तो तत्त्वज्ञ आणि ड्रॅग क्वीन दोन्ही होता, आणि दोन्हींत आळशी नव्हता. त्यानं २००३ पासून ‘त्रावेस्ती संग्रहालय’ चालवलं, ज्याला इमारतच नव्हती. छापील फलक, झेरॉक्स, मुखवटे, कात्रणं घेऊन तो बागेत, बाजारात, विद्यापीठात मांडामांड करायचा. त्यात इन्कांच्याही आधीच्या मातीच्या मूर्ती होत्या, अँडीजमधल्या नाचांतले पुरुषांनी घालायचे बायकांचे पोशाख होते, आणि १५६६ चा एक स्पॅनिश हुकूम होता: कुणी इंडियन पुरुष बाईच्या वेशात सापडला तर पहिल्या वेळी शंभर फटके आणि चारचौघांत केस भादरायचे. हे वाचताना मला आपला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. त्याच्या दुसऱ्या भागात नोंदणी केलेल्या ‘युनक’ माणसानं बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं किंवा नाचणं हाच गुन्हा होता. तीनशे वर्षांचं अंतर, दोन वेगळी साम्राज्यं, आणि दोघांनाही भीती साडी-घागऱ्याची. काम्पुसानो २०१३ साली गेला. त्याच्या संग्रहालयाची युक्ती मात्र कुणालाही परवडणारी आहे. एक सुतळी, चिमटे, वीस झेरॉक्स.

अमेरिकेतल्या लॅटिनो मंडळींबद्दल फार सांगत नाही, त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एड्सच्या काळात लॉस एंजेलिसच्या ‘तेआत्रो विवा’नं छोटी प्रहसनं बसवली. लुईस आल्फारो, मोनिका पालासिओस त्यात होते. लोक दवाखान्यात येत नव्हते, म्हणून नाटकच लोकांकडे गेलं. पण नाओ बुस्तामान्तेचा १९९२ चा प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोलंबसाला ५०० वर्षं झाली म्हणून त्या वर्षी अनुदान हवं तर गैरगोऱ्या कलावंतांनी ५०० वर्षांच्या अत्याचारावरच काहीतरी करावं, अशी हवा होती. तिनं कमरेला पट्ट्यानं एक बरिटो, म्हणजे सारण भरलेली मेक्सिकन पोळीची गुंडाळी, बांधला आणि प्रेक्षकांतल्या गोऱ्या पुरुषांना सांगितलं, या, गुडघे टेका, एक घास घ्या, ५०० वर्षांचं पाप फिटेल. आणि ते आले!

हसून झालं की स्वतःकडे बघा. जून, म्हणजे ‘प्राइड’चा महिना, आला की तुम्हालाही बोलावणी येतील. एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं आम्हाला असंच बोलावलं होतं. सभागृहात टाळ्या, हारतुरे, फोटो. आमची मुख्य कलाकार मात्र पाऊण तास फाटकाबाहेर उभी होती, कारण ‘असल्यांना आत सोडायचं नाही’ असं सुरक्षारक्षकाला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. प्रयोगाचा विषय स्वीकार हाच होता. तेव्हापासून मी आयोजकांना पहिला प्रश्न मानधनाचा नाही, फाटकाचा आणि संडासाचा विचारते. मानधनाचा दुसरा.

नव्या पिढीतले दोघे जरूर पाहा. मापुचे कलावंत सेबा कालफुकेओ. मापुचेंचा वीर काउपोलिकान खांद्यावर ओंडका पेलून सरदार झाला, अशी चिलीत शाळेपासून सांगितली जाणारी गोष्ट आहे. सेबा २०१७ मध्ये तसाच ओंडका खांद्यावर घेऊन, इंद्रधनुष्याच्या रंगांचे उंच टाचांचे बूट घालून उभे राहिले. आणि ब्राझीलच्या अमेझॉनमधली उइरा. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, मानाउस शहरात राहणारी. पानं, साली, बिया अंगावर चढवून ती चालतं झाड होते आणि सांडपाण्यानं काळ्या पडलेल्या ओढ्यांत जाऊन उभी राहते. नदीकाठच्या पोरांबरोबर तिच्या कार्यशाळा चालतात, आणि मला फोटोंपेक्षा त्या महत्त्वाच्या वाटतात.

यानं बदलतं का? हुचितान हे मेक्सिकोतलं मुशेंचं गाव. तिथं दर नोव्हेंबरला त्यांचा मोठा रात्रभराचा उत्सव होतो, घागरे, फुलं, राणीची निवड, आणि अख्खं गाव बिअरची खोकी घेऊन येतं. बाहेरचे पत्रकार त्याला ‘क्वीअरांचा स्वर्ग’ म्हणतात. तो उत्सव सुरू करणाऱ्यांपैकी एक, ऑस्कर कासोर्ला, यांचा फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या घरी खून झाला. गाव तुम्हाला नाचायला जागा देतं म्हणून जगायला देतंच असं नाही. हे माहीत असूनही त्यांनी उत्सव थांबवलेला नाही, आणि मीही कार्यशाळा थांबवलेल्या नाहीत. मोजायचंच असेल तर टाळ्या मोजू नका. प्रयोगानंतर किती जण थांबले, कुणी कुणाच्या घरी जेवायला गेलं, कुठला अर्ज पुढे सरकला, पुढच्या वर्षी तुम्हाला न विचारता तुमची जागा राखून ठेवली का, हे वहीत लिहा.

आता तुमच्या उन्हाळ्याबद्दल. चिलीच्या काचा, लुकासचा घागरा, उइराची पानं, यातलं काहीही उचलू नका. तुमच्या दोघा मित्रांच्या मोखाड्यात बोहाडा आहे. देवादिकांचे मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगं निघतात आणि देवींची सोंगंही पुरुष घेतात, साडी नेसून, संबळाच्या तालावर. तुमचं नाटक तिथं न्यायच्या आधी एक पूर्ण बोहाडा नुसता बघा. मग सोंगं घेणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसा. देवीचं सोंग कुठल्या घराकडे असतं, कुणाकडून कुणाकडे गेलं, एखाद्याचं का काढून घेतलं, उरलेल्या वर्षभर त्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे विचारा. रेकॉर्डर लगेच काढू नका. तिथं श्रद्धा आहे, मुखवट्यांची पूजा होते. त्यात घुसून घोषणा द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. तुमच्या दोघांना मात्र तिथं सोंग मागायचा अधिकार असू शकतो, आणि तो त्यांनीच मागायचा. बाकीच्या चौघांनी तेव्हा चहाची भांडी घासावीत. मिळालं तर तोच तुमचा यंदाचा प्रयोग. नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी पारावर सुतळी बांधा, म्हाताऱ्यांनी दिलेले जुने फोटो चिमट्यांनी लावा, खाली नावं लिहा आणि बाजूला दोन खुर्च्या ठेवा.

आणि घरी कळलेलं नाही अशा कुणाचाही फोटो त्या सुतळीवर लावू नका, त्यानं स्वतः हो म्हटलं तरी एक रात्र जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. परतीच्या एसटीची वेळ आधीच बघून ठेवा. बोहाडा पहाटेपर्यंत चालतो, पहिली गाडी कितीला आहे ते डेपोत विचारा, आणि तोवर सहाही जण कुणाच्या ओसरीवर टेकणार, हे दुपारीच ठरलेलं असू द्या.